आकाश निवळल्यानंतरचा बर्फ

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे पश्चिमी चक्रावात येऊन गेला, की दोन-तीन दिवसांत त्याची वर्दी खान्देशात पोहोचते. काश्मीर आणि हिमाचलात बर्फ पडून गेलेला असतो, तिकडून निघालेले कोरडे गार वारे सातपुडा ओलांडून तापीच्या खोऱ्यात उतरतात, धुळ्याचा पारा सात-आठ अंशांच्या खाली जातो आणि रावेर-यावलकडचे शेतकरी केळीला चरका लागू नये म्हणून रात्री बागांना पाणी देतात, बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात. याच दिवसांत माझ्या मोबाइलवर वेगळ्या प्रकारचे संदेश येऊ लागतात. ‘दादा, गुलमर्गला तीन फूट पडला आहे. उद्यापासून आकाश मोकळे आहे, परवा वर जातो.’ हे लिहिणारी मुले जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा अशा गावांतली असतात. त्यांचा उत्साह मला समजतो, कारण ताज्या बर्फावरून स्की घेऊन उतरण्याचा आनंद मी स्वतः घेतला आहे. परंतु ‘उद्यापासून आकाश मोकळे आहे’ हे जे दिलासा म्हणून लिहिलेले असते, तेच मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. हिमस्खलनाच्या दृष्टीने मोठ्या हिमवृष्टीनंतरचा पहिला निरभ्र दिवस हा वर्षातल्या सर्वांत धोकादायक दिवसांपैकी एक असतो, आणि त्याची कारणे आपल्या भागातल्या मुलांना नीट माहीत असावीत, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडून स्कीइंगला जाणाऱ्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. जळगाव किंवा भुसावळला झेलम एक्स्प्रेस पकडायची, जम्मूला उतरून पुढे गुलमर्ग गाठायचे आणि तिथे स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करायचा. त्या अभ्यासक्रमात उतार दाबून सपाट केलेला असतो, त्यावर देखरेख असते, आणि विद्यार्थी वळायला, थांबायला व पडल्यावर उठायला शिकतो. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तोच मुलगा टूरिंगच्या स्की भाड्याने घेतो. या स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची केसाळ पट्टी चिकटवली की चढावर स्की मागे घसरत नाही. वर पोहोचल्यावर पट्टी काढायची आणि कोणीही न तुडवलेल्या बर्फावरून खाली उतरायचे. यालाच बॅककंट्री स्कीइंग म्हणतात. गुलमर्गमध्ये तर चढण्याचेही कष्ट वाचतात, कारण गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा माणसाला थेट अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९०० मीटरच्या पुढे नेऊन सोडतो. तिथे स्की पेट्रोलची, म्हणजे गस्ती पथकाची, माणसे ज्या उताराची तपासणी करतात तो भाग मर्यादित आहे. त्या भागाच्या हद्दीची दोरी ओलांडून पलीकडे पाऊल टाकले, की पुढचा उतार त्या दिवशी कोणी तपासलेला आहे असे गृहीत धरता येत नाही. दोरीच्या अलीकडचा आणि पलीकडचा बर्फ दिसायला अगदी सारखा असतो.

तोरणमाळ, पाटणादेवी, लळिंग, गौताळा या डोंगरांत फिरलेल्या माणसाला डोंगराचे धोके कळत नाहीत असे मुळीच नाही. पावसाळ्यात ओढ्याला लोंढा येतो, दरड सुटते, शेवाळलेल्या खडकावरून पाय घसरतो, हे सगळे आपण लहानपणापासून पाहिलेले असते. त्यातून काही सवयी अंगवळणी पडतात. पाऊस थांबला की तासा-दोन तासांत ओढा उतरतो आणि वाट मोकळी होते. मळलेली पायवाट ही सुरक्षित वाट असते. कडा धोक्याचा आणि मध्यम उतार सोपा. सातपुड्यात या सवयी आपल्याला सांभाळतात; हिमालयातल्या हिवाळ्यात मात्र त्या तिन्ही माणसाला चुकीच्या जागी घेऊन जातात. बर्फ पडायचा थांबला तरी त्याने टाकलेले ओझे उतारावर तसेच असते. आधीच्या स्कीअरच्या खुणा उतार भक्कम असल्याचा पुरावा ठरत नाहीत. आणि सर्वांत घातक उतार कड्यांचे नसतात; कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही, तो थोडा थोडा करून गळत राहतो. घातक उतार मध्यम असतात, स्कीवरून उतरायला सर्वांत मजा येते असे.

हे का होते ते समजण्यासाठी बर्फाच्या आत काय चालते ते पाहावे लागते. डोंगरावरचा बर्फ म्हणजे एकसंध पांढरा ढीग नव्हे. प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर बसतो, मधल्या कोरड्या दिवसांत त्या थराचा पृष्ठभाग बदलतो, त्यावर पुढचा थर येतो, आणि मार्चपर्यंत त्या उताराच्या पोटात संपूर्ण हिवाळ्याचा इतिहास साठलेला असतो. या थरांपैकी एखादा कच्चा राहिला आणि त्यावर घट्ट थर बसला, की हिमस्खलनाची सामग्री तयार झाली.

कच्चा थर तयार होण्याचा एक मार्ग थंडी आणि पातळ बर्फ यांच्या जोडीतून जातो. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते, कारण वरचा बर्फ तिच्यावर पांघरुणाचे काम करतो. हवा मात्र उणे पंधरा-वीसपर्यंत जाऊ शकते. बर्फ दोन मीटर जाड असेल आणि पृष्ठभागावर उणे १५ अंश असतील, तर तापमानातील फरक दर मीटरला साडेसात अंश इतका पडतो. तोच बर्फ केवळ अर्धा मीटर असेल, तर फरक दर मीटरला ३० अंश होतो. हे प्रमाण मीटरला १० अंशांच्या वर गेले, की खालच्या उबदार भागातली वाफ वर सरकू लागते आणि बर्फाचे कण आपला आकार बदलतात. मूळचे एकमेकांत गुंतणारे कण जाऊन त्यांच्या जागी कोनदार, भरड, एकमेकांना अजिबात न चिकटणारे दाणे तयार होतात. हातमोज्यावर घेऊन मूठ आवळली तरी त्यांचा गोळा होत नाही. ते बोटांच्या फटींतून ओघळतात. आपल्याकडच्या दादर ज्वारीचे दाणे पसरावेत, त्यावर शहाबादी फरशी ठेवावी आणि सगळेच तिरके करावे, तसे काहीसे या उताराचे असते. फरशी जागेवर आहे ती केवळ तिला कोणी धक्का दिलेला नाही म्हणून.

त्यामुळे ज्या वर्षी सुरुवातीचा बर्फ कमी पडतो, त्या वर्षी धोका कमी असेल ही समजूत मुळातच उलटी आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते. ऐन हंगामात पर्यटक तपकिरी कुरणांवर फिरत असल्याची छायाचित्रे सगळीकडे झळकली होती. महिनाअखेरीस बर्फ सुरू झाला, फेब्रुवारीत मोठी हिमवृष्टी झाली, आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्गच्या बाजूला झालेल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला; त्याच्या सोबतच्या इतरांना वाचवण्यात यश आले. कोरड्या डिसेंबर-जानेवारीनंतर उशिराने आलेल्या जोरदार बर्फाची बातमी आली, की मी ओळखीच्या मुलांना पहिल्या आठवड्यात उंचावरच्या उतारांचा नादच करू नका असे सांगतो.

कच्चा थर तयार होण्याचा दुसरा मार्ग केळी उत्पादकांना फार लवकर समजेल. ढग असलेली रात्र उबदार आणि निरभ्र रात्र बोचरी असते, कारण जमिनीतली उष्णता अडवायला वर काहीच नसते. म्हणून तर शेकोटीच्या धुराचे आच्छादन बागेवर धरायचे. हिमालयात अशा निरभ्र, वारा नसलेल्या रात्री बर्फाचा पृष्ठभाग हवेपेक्षाही जास्त गार होतो आणि हवेतले बाष्प त्यावर थेट स्फटिक होऊन बसते. सकाळी उन्हात हे पिसांसारखे पातळ, उभे स्फटिक चमचम करतात आणि त्यांवरून स्की जाताना बारीक किणकिण ऐकू येते. दृश्य म्हणून ते फार सुंदर आहे. पण पुढची हिमवृष्टी अलगद त्यावर बसली, की हाच एक-दोन सेंटीमीटरचा थर गाडला जातो आणि कित्येक दिवस, कधी कधी काही आठवडे, तसाच नाजूक राहतो. म्हणजे ज्या मोकळ्या आकाशाची आपण वाट पाहत असतो, त्या आकाशाखालीच पुढच्या वेळचा धोका घडत असतो.

यात वाऱ्याची भर पडते. वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकतो, आणि हे काम तो आकाशातून पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने करतो. त्यामुळे नवे हिमकण न पडताही, निळ्या आकाशाखाली, आडोशाच्या बाजूचा उतार काही तासांत जड होऊ शकतो. वाऱ्याने आपटून आणलेले कण बारीक झालेले असतात, ते घट्ट बसतात आणि त्यांची लादी होते. या लादीवर चालताना पायाखाली पोकळ, ढोलासारखा आवाज येतो. माथ्याच्या धारेवर पुढे झुकलेले बर्फाचे ओठ दिसले, तर वारा कोणत्या दिशेने काम करून गेला ते लगेच कळते. ओठ ज्या बाजूला झुकलेला, त्या बाजूचा उतार भरलेला. त्या ओठावर उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा, कारण खाली जमीन नसून हवा असते आणि तो अपेक्षेपेक्षा बराच मागून तुटतो.

उन्हाविषयी थोडक्यात सांगतो. आपले हिमालयीन अक्षांश युरोपातल्या आल्प्सपेक्षा बरेच दक्षिणेकडे असल्यामुळे फेब्रुवारी-मार्चचे ऊन प्रखर असते. दक्षिणाभिमुख उतार दुपारी ओले होऊन सुटतात, तर उत्तराभिमुख उतार थंड राहिल्यामुळे त्यांच्यातले कच्चे थर जास्त काळ टिकतात. म्हणून दक्षिणेकडच्या उतारावरून दुपारच्या आत उतरून यावे. उत्तरेकडच्या उतारावर केवळ ‘आता दहा दिवस झाले’ म्हणून विश्वास टाकू नये. पीर पंजालचा बर्फ तुलनेने उबदार आणि भरपूर असतो, तो लवकर बसतो. लडाख-काराकोरमकडचा बर्फ पातळ आणि अतिथंड असतो, तिथे कच्चे थर हिवाळाभर राहतात. गुलमर्गला मिळालेला अनुभव घेऊन कोणी तिकडे निघाला असेल, तर तो अनुभव तिथे तसाच्या तसा लागू पडत नाही.

आता उताराच्या कोनाकडे येतो, कारण या सगळ्या प्रकरणात खात्रीने मोजता येण्यासारखी आणि पूर्णपणे आपल्या हातात असलेली गोष्ट हीच एक आहे. लादी सुटून होणारी बहुसंख्य हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुरू होतात आणि त्यातही ३८ अंशांच्या आसपास त्यांची दाटी आहे. आपल्या घरातला जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. म्हणजे ज्या उताराला आपण ‘एवढा काही तीव्र नाही’ म्हणू, तो नेमका यात बसतो. डोळ्यांचा अंदाज इथे कामाचा नाही. स्कीच्या दोन सारख्या लांबीच्या काठ्यांनी कोन मोजता येतो. एक काठी उतारावर सरळ उभी धरावी. दुसरी तिला काटकोनात, आडवी, चढाच्या दिशेने धरून तिचे टोक बर्फाला टेकेपर्यंत उभ्या काठीवर वर-खाली सरकवावी. आडवी काठी उभ्या काठीच्या अगदी वरच्या टोकाशी असताना टेकली, तर उतार ४५ अंशांचा. बरोबर मध्यावर असताना टेकली, तर सुमारे २७ अंशांचा. मध्याच्या वर जिथे कुठे टेकली, तिथून संशयाचा प्रदेश सुरू होतो. यासाठी काश्मीरला जाण्याची गरज नाही. लळिंगच्या किल्ल्याखालच्या कोणत्याही उतारावर दोन बांबू घेऊन हे करता येते, आणि आठ-दहा वेळा केले की डोळ्याला वळण लागते. उतार मोजून ३० अंशांच्या खाली राहायचे ठरवले, तर स्कीइंगचा आनंद शिल्लक राहतो आणि धोक्याचा फार मोठा भाग वजा होतो. मात्र वरती ३५ अंशांचा उतार लटकत असताना त्याच्या पायथ्याच्या सपाटीवरून जाणे म्हणजे ३० अंशांच्या खाली राहणे नव्हे. सुटलेला बर्फ सपाटीवर दूरपर्यंत धावतो, आणि नाल्यासारख्या खोलगट जागेत तर तो माणसावर कित्येक मीटर रचला जातो.

भारतात हिमस्खलनाचे इशारे देण्याचे काम संरक्षण खात्याच्या संशोधन विभागाकडे आहे. १९६९ मध्ये यासाठी मनालीत एसएएसई ही संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेसह डीजीआरई या नव्या संस्थेत विलीन झाली, जिचे मुख्यालय चंदीगडला आहे. तिच्या अंदाजावरून प्रशासन अमुक जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर पुढच्या २४ तासांत धोका आहे, असे जाहीर करते. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येते आणि गावच सुमारे २,६५० मीटरवर असल्यामुळे स्कीअर जिथे जातात ती सगळी जागा बहुतेक वेळा इशाऱ्यातल्या उंचीच्या वरच असते. हा इशारा रोज वाचावा. परंतु तो संपूर्ण जिल्ह्याचा आहे, आपण ज्या उतारावर उभे आहोत त्याचा नाही, हेही विसरू नये. जगभरात हा धोका पाच पातळ्यांत सांगितला जातो. आपल्याकडच्या मुलांना पाचपैकी तीन म्हटले की ‘मधला’ असे वाटते. तिसरी पातळी मधली नाही. त्या पातळीवर एकाच स्कीअरच्या वजनाने उतार सुटण्याची शक्यता असते, आणि पाश्चात्त्य देशांत सर्वाधिक स्कीअर याच पातळीच्या दिवशी मृत्युमुखी पडतात. चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घरात बसतात. तिसरीला ऊन असते, बर्फ ताजा असतो, आणि मन वळायला तयार असते.

इशाऱ्यापेक्षाही मोठा पुरावा उतार स्वतः देतो. एका हिवाळ्यात गुलमर्गला कोंगडूरीच्या वरच्या बाजूला, भूर्जाच्या विरळ झाडांतून आम्ही एका काश्मिरी गाइडच्या मागे रांगेत चढत होतो. जागा जवळपास सपाट होती. अचानक पायाखालून ‘धप्प’ असा जड, दबका आवाज आला आणि संपूर्ण पृष्ठभाग बोटभर खाली बसल्याचे गुडघ्यांना जाणवले. माझ्या स्कीच्या टोकापासून दोऱ्याएवढी एक भेग निघाली आणि समोरच्या भूर्जाच्या बुंध्यापर्यंत सरळ धावत गेली. गाइडने हात वर करून सगळ्यांना थांबवले, फावड्याने गुडघाभर खड्डा खणला आणि खड्ड्याच्या भिंतीवर बोट फिरवून दाखवले. वरचा दीड वीत थर बोटाला दाद देत नव्हता. त्याखालच्या करड्या पट्ट्यात बोट सहज शिरले आणि तिथून कोरडे दाणे भुरभुरत खड्ड्यात पडले. आमच्यातल्या धुळ्याच्या एका मित्राने समोरच्या उताराकडे बोट दाखवले. तिथे सकाळी उतरून गेलेल्या चार जणांच्या वळणदार खुणा स्पष्ट दिसत होत्या. गाइडने मान हलवली आणि आम्हाला झाडीतल्या धारेवरून परत आणले. त्या खुणांविषयीचे कारण त्याने नंतर चहा पिताना सांगितले. लादी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. जिथे ती जाड आहे तिथून चार जण जातात आणि कच्च्या थराला त्यांचे वजन पोहोचत नाही. पाचवा दोन हात बाजूने, एखाद्या झाकल्या खडकाजवळच्या पातळ जागेवरून जातो आणि संपूर्ण उतार सुटतो. असे सुटण्यासाठी उतारावर असण्याचीही गरज नसते. पायथ्याच्या सपाटीवर बसलेला धक्का कच्च्या थरातून वर धावू शकतो. पायाखालचा ‘धप्प’ आवाज, स्कीपासून पळणारी भेग आणि आसपास दिसणारे ताजे हिमस्खलन, यांपैकी एकही गोष्ट दिसली, की त्या दिवसाचा तीव्र उतारांचा विचार सोडून द्यायचा. इथे चर्चेला जागा ठेवू नये.

या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते की जीवघेण्या हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के स्वतः त्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेली असतात. दरड आपल्यावर कोसळते. इथे मात्र आपण लादीवर उभे राहून तिला सोडवतो. म्हणजे त्या दिवशी, त्या जागी न जाण्याचा निर्णय खरोखर जीव वाचवतो. अनुभवाने माणूस यातून मोकळा होतो असेही नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगच्या प्रगत अभ्यासक्रमाचे पथक सापडले; २७ जणांचे मृतदेह मिळाले आणि दोघे बेपत्ता राहिले, त्यांत मुरलेले प्रशिक्षकही होते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर गेले, आणि त्यांच्यासोबतही स्थानिक गाइड होते.

म्हणूनच यावल तालुक्यातल्या एका वडिलांनी मला फोनवर ‘भाऊ, पोरगा म्हणतो सोबत गाइड आहे, मग काळजी कसली?’ असे विचारले, तेव्हा मी त्यांना गाइडच्या असण्याविषयी न विचारता, नेणाऱ्यांना काय विचारायचे ते सांगितले. आजचा इशारा काय आहे आणि तो रोज सकाळी गटाला वाचून दाखवला जातो का? प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याला शोधण्याचे संकेत-उपकरण) आणि पाठपिशवीत प्रोब (बर्फात खुपसून चाचपण्याची लांब काठी) व फावडे आहे का, की ते फक्त गाइडकडे आहे? निघण्यापूर्वी शोधाचा सराव होतो का? गटातल्या एकानेही ‘नको’ म्हटले तर सगळे परततात का? आणि हवामानामुळे वरचा दिवस रद्द झाला तर पर्यायी दिवस मिळतो का? शेवटचा प्रश्न त्यांना किरकोळ वाटला, मला तो सर्वांत मोठा वाटतो. आपली मुले नोकरीतून मोजकी रजा काढून जातात, परतीचे आरक्षण दोन महिने आधी झालेले असते, तीन दिवस बर्फवृष्टीमुळे हॉटेलच्या खोलीत जातात, आणि चौथ्या दिवशी आकाश निवळते तेव्हा हातात एकच दिवस उरलेला असतो. त्या दिवशी उतार काय सांगतो आहे हे ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते. प्रवास आखतानाच शेवटी दोन दिवस मोकळे ठेवले, तर हा ताण मुळातून जातो. खर्च वाढतो हे मला मान्य आहे. जिथे खर्च कमी करायचा तिथे भाड्याच्या स्की साध्या घ्याव्यात, खोली साधी घ्यावी.

आणि तरीही कोणी गाडला गेला तर काय? इथे मिनिटांचा हिशेब आहे. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, तर तो जगण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. ३५ मिनिटांपर्यंत ती ३० टक्क्यांवर येते. बहुतेकांचा जीव थंडीने जात नाही, गुदमरून जातो. सुटलेला बर्फ थांबताच इतका घट्ट होतो की आतल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. खालून मदत येईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते, त्यामुळे वाचवणारे असतात ते फक्त सोबतचे, आणि तेही एकाच वेळी सगळे गाडले गेले नसतील तरच. संशयास्पद जागेतून एकेकट्याने जायचे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवायची, हा नियम त्यासाठी आहे.

शोधाचा सराव मात्र खान्देशात उत्तम होतो, आणि आम्ही तो दर डिसेंबरात गिरणेच्या कोरड्या पात्रात करतो. ट्रान्सीव्हर हे उपकरण ४५७ किलोहर्ट्झवर सतत संकेत पाठवत असते. कोणी गाडले गेले की बाकीचे आपापली उपकरणे शोधावर लावतात. एक चालू ट्रान्सीव्हर डब्यात घालून, डबा पोत्यात गुंडाळून, आम्ही वाळूत हात-दीड हात खोल पुरतो, वरची वाळू सारखी करतो आणि शोधणाऱ्याला पन्नास पावलांवरून सोडतो. पहिल्या वेळी प्रत्येक जण गोंधळतो, कारण पडद्यावरचा बाण सरळ रेषेत नेत नाही. संकेताच्या वक्र रेषेवरून तो माणसाला वळसा घालून आणतो. अंतराचा आकडा तीनच्या खाली आला की चाल एकदम मंद करायची, उपकरण वाळूला जवळजवळ टेकवायचे, ते हातात फिरवायचे नाही, आणि आधी पुढे-मागे व मग डावी-उजवीकडे सरकवून सर्वांत कमी आकडा शोधायचा. तिथे प्रोब उताराला काटकोनात खुपसायचा, आणि लागला नाही तर वीत-वीतभर अंतराने गोल वाढवत जायचे. लागला की प्रोब उपसायचा नाही. खणायला सुरुवात त्याच्या अगदी शेजारी न करता उताराच्या खालच्या अंगाने, खोलीच्या दीडपट अंतरावरून करायची, म्हणजे माणसापर्यंत आडवे पोहोचता येते आणि त्याच्या अंगावर उभे राहावे लागत नाही. एक मीटर खोल गेलेल्या माणसासाठी टनभर बर्फ हलवावा लागतो. वाळूत दोन मिनिटे जोरात फावडे मारले की दम लागतो, म्हणून दर मिनिटाला पुढचा माणूस बदलायचा.

दोन गोष्टी दर वेळी आवर्जून सांगाव्या लागतात. मोबाइल आणि स्मार्ट घड्याळ ट्रान्सीव्हरपासून चालताना किमान २० सेंटीमीटर आणि शोधताना किमान ५० सेंटीमीटर लांब असावे, नाहीतर पडद्यावरचे आकडे भरकटतात. खिशातला मोबाइल बंद केलेला बरा. आणि उपकरणात उत्पादकाने सांगितलेल्याच बॅटऱ्या घालाव्यात. बहुतेक मॉडेलना साध्या अल्कलाइन बॅटऱ्या लागतात. पुन्हा चार्ज होणाऱ्या घातल्या तर उरलेला चार्ज टक्क्यांत चुकीचा दिसतो आणि ऐन वेळी उपकरण बंद पडू शकते. हंगाम संपला की बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, कारण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्या गळतात आणि आतले पत्रे खराब होतात. या डिसेंबरात ज्यांना सरावाला यायचे आहे त्यांनी स्वतःचे उपकरण नसले तरी यावे. उपकरण इथे मिळेल. फावडे मात्र घरचे आणावे.